वसईच्या वाडीतला केक

भिवंडी रोड स्टेशनात वसईची गाडी चुकली, की दोन कप चहा होतो, वह्यांचा एक गठ्ठा तपासून होतो आणि तरीही वेळ उरतो. दिवा–वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. खारबाव, कामण, जुचंद्र अशी लहान स्टेशने घेत गाडी खाडीच्या बाजूने जाते. एका बाजूला गोदामांचे पत्रे, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधेच मिठागरांचे पांढरे चौकोन. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी मी या गाडीने निघाले होते. मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यात अर्धा किलो सुका मेवा संत्र्याच्या रसात आणि काळ्या चहात रात्रभर मुरत ठेवलेला. शेजारच्या बाईने दोनदा विचारले, "लोणचं आहे का?"

माझी बीएडची मैत्रीण वसईची आहे, सामवेदी ख्रिस्ती कुटुंबातली. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून शिक्षणाचे मानसशास्त्र पाठ केले. आता ती तिकडे मराठी शिकवते, मी इकडे उर्दू आणि मराठी दोन्ही. दर नाताळला तिच्या घरून आम्हाला फुगे येतात, नेवऱ्या येतात, कलकल येतात. केक मात्र येत नाही. त्यात रम असते हे तिनेच मला पहिल्या वर्षी सांगितले होते आणि तेव्हापासून ती स्वतःहून तो डब्यात घालत नाही. ही गोष्ट तिच्या सासूबाईंच्या मनाला लागून राहिली होती. मावशींचे वय ऐंशीच्या घरात. घरचा केक सोडून बाकी सगळे पाठवायचे म्हणजे पाहुण्याला पानावर बसवून वरण वाढायचे विसरण्यासारखे, असे त्यांचे म्हणणे. पण रमशिवाय केक होतो हेही त्यांना मान्य नव्हते. "रमशिवाय केक म्हणजे ब्रेड," असा त्यांचा निकाल. शेवटी यंदा निरोप आला: टीचरला इकडेच बोलवा, तिच्या पद्धतीने करून दाखवू दे.

वसई रोड स्टेशनाच्या पश्चिमेला उतरले की आधी दिसते ते कुठल्याही उपनगरात दिसते. दुकाने, रिक्षा, इमारतींवर इमारती. निर्मळच्या रस्त्याला लागल्यावर हळूहळू झाडे सुरू होतात. केळीच्या बागा, नारळ, पानवेली, सोनचाफा. प्रत्येक वाडीत विहीर आणि गावात गोड्या पाण्याचे बावखल. घरांवर कागदी चांदण्या टांगलेल्या. अंगणात मुले पेंढा, माती आणि पुठ्ठा घेऊन गव्हाणीचा देखावा करत होती. एका ठिकाणी गव्हाणीतल्या उंटाला पाय तीनच होते आणि चौथ्या पायावरून भाऊबहिणींचे भांडण रंगात आले होते.

वसई हे नाव आपल्याला किल्ल्यामुळे ठाऊक असते. १५३४ च्या तहात गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. जवळच सोपारा आहे. अरब प्रवाशांच्या लिखाणात येणारे 'सुबारा' बंदर ते हेच. म्हणजे खजूर, दालचिनी, जायफळ या वस्तू या किनाऱ्याला काल-परवा भेटलेल्या नाहीत.

इथले नाताळचे ताट पाहिले की इतिहासाचे दोन थर वेगळे दिसतात. पाव पोर्तुगिजांचा, शब्दासकट. 'नाताळ' हा शब्दही त्यांचाच. केक मात्र इंग्रजांबरोबर आला. ठाणे-मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी अनेकांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, तो हा काळ. इंग्लंडात पूर्वी मेव्याचा मोठा केक ६ जानेवारीच्या सणाला होत असे. तो नाताळला सरकला तो व्हिक्टोरियाच्याच जमान्यात. त्याला प्लम केक म्हणतात, पण त्यात प्लम नसते. जुन्या इंग्रजीत मनुक्यांनाही प्लमच म्हणत. नगरकडच्या ख्रिस्ती घरांत आजही नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या होतात. केक सगळीकडे पोचलेला नाही, आणि नाही पोचला तरी काही अडलेले नाही.

केरळात तलश्शेरीला मंबळ्ळी बापू नावाच्या बेकरीवाल्याने १८८३ साली मर्डॉक ब्राऊन या इंग्रज मळेवाल्यासाठी देशातला पहिला नाताळ केक भाजला, असे तिकडे अभिमानाने सांगतात. ब्राऊनसाहेबाने ब्रँडी घालायला सांगितली होती आणि बापूने काजूची बोंडे व केळी यांची गावठी दारू वापरली, असा तो किस्सा आहे. अलाहाबादचा केक वेगळाच: लोण्याऐवजी तूप, पेठा, बडीशेप आणि संत्र्याचा मुरब्बा. कोलकात्यात नाताळच्या केकसाठी रांग लागते ती नाहूम या यहुदी कुटुंबाच्या दुकानासमोर, आणि ते दुकान १९०२ पासून चालू आहे.

मावशींच्या स्वयंपाकघरात पोचले तेव्हा बरणी समोरच होती. सप्टेंबरपासून त्यांचा मेवा त्यात रममध्ये मुरत होता, काळा आणि चकचकीत. त्या बरणीपासून हातभर अंतरावर, वेगळ्या टेबलावर, स्वच्छ फडक्यावर एक परात, एक कालथा, अंडी फेटायचे यंत्र आणि एक केकचा टिन मांडला होता. टिनावर दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मी काही विचारले नाही. मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे सोरपोतेल होतं ना, म्हणून त्यांनी सगळं नवं आणलंय. मला हात लावू देत नाहीत."

मी डबा उघडला. मावशींनी वास घेतला, एक मनुका चिमटीत धरून दाबला आणि कादोडी बोलीत सुनेला काहीतरी म्हणाल्या. मला अर्धेच कळले. "फुगलाय चांगला, पण टिकायचा नाही," असा मथितार्थ.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. रम केकमध्ये तीन कामे करते. सुका मेवा मऊ करते, वास देते आणि केक टिकवते. पहिली दोन कामे संत्र्याचा रस आणि कडक चहा करतात. तिसरे करत नाहीत. हे समजून घेतले नाही तर फसगत होते. आपल्याकडे काही भगिनी रमऐवजी द्राक्षाचा रस घालून मेवा महिनाभर ओट्यावर ठेवतात. असा मेवा आठवड्याभरात फेसाळतो, आंबूस वास येतो आणि आपण जे टाळायला निघालो तेच बरणीत तयार होऊ लागते. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्न अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे. रसूलुल्लाह (स.) यांच्यासाठी मनुके पाण्यात भिजवले जात. ते पाणी आप त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पीत. त्यानंतर उरले तर ते दुसऱ्या कोणाला पाजले जाई किंवा ओतून दिले जाई. मेवा भिजवण्याचे यापेक्षा नेमके वेळापत्रक मला कुठल्या पाककृतीच्या पुस्तकात मिळालेले नाही. मी रस उकळून त्यात मेवा घालते, दहा मिनिटे मंद आचेवर शिजवते, गार झाल्यावर झाकून ठेवते आणि दुसऱ्याच दिवशी वापरते. फार तर दोन दिवस, तेही फ्रिजमध्ये.

दुसरा एक समज शिक्षकांच्या खोलीत हमखास ऐकायला मिळतो: "भट्टीत दारू उडूनच जाते, मग काय हरकत?" सगळी उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबद्दलचा तक्ता प्रसिद्ध आहे. पिठात मिसळलेली दारू तासभर शिजवली-भाजली तरी सुमारे २५ टक्के मागे राहते आणि अडीच तासांनीही ५ टक्क्यांच्या आसपास उरते. शिवाय हा केक भाजून झाल्यावर त्यावर पुन्हा चमच्याने कच्ची रम पाजतात. तेव्हा 'उडून जाते' हे उत्तर पुरत नाही. व्हॅनिलाच्या बाटलीवरची घटकयादीही वाचावी. काही अर्क दारूतच काढलेले असतात. मी व्हॅनिला घालतच नाही. संत्र्याची साल किसून घातली की व्हॅनिलाची आठवण कोणाला होत नाही.

आम्ही चिरायला बसलो. माझ्या डब्यात काळे मनुके, तासगावचे बेदाणे, अंजीर आणि जर्दाळू होते. खजूर वेगळा आणला होता, तो शेवटी घालायचा. मावशींनी त्यात वसईची सुकेळी घातली, म्हणजे राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. रंग मधासारखा, चव खजुराच्या जवळची, चिरताना सुरीला चिकटते. केकमध्ये ती इतकी चांगली लागते, की भिवंडीत कुठे मिळेल याची मी आता चौकशी करते आहे. तुटीफ्रुटी त्यांनी घालू दिली नाही. "ती कच्ची पपई. लहान मुलांच्या बनपावात घाला." या बाबतीत माझे आणि त्यांचे मत एकच आहे.

चिरता चिरता शब्दांच्या गोष्टी निघाल्या. दोन मराठीच्या शिक्षिका एकत्र बसल्यावर दुसरे काय होणार! बेदाणा म्हणजे फारसीतला 'बे-दाना', बी नसलेला. दालचिनी म्हणजे 'दार-ए-चीनी', चीनचे लाकूड. मुरब्बा अरबी. मावशींच्या बरणीतल्या बारीक काळ्या मनुकांना इंग्रजीत करंट म्हणतात, ते ग्रीसच्या कोरिंथ शहरावरून. आणि ज्याला इंग्रज ऑरेंज म्हणतात तो आपला 'नारंग', फारसी-अरबीतून 'नारंज' होऊन युरोपात गेला आणि शेवटी साहेबाच्या केकमध्ये पडला. मावशी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या केकमध्ये रमच तेवढी साहेबाची?" सून हसून हसून उठून गेली.

खजुराच्या बिया काढताना मी त्यांना हजरत मरियम यांची गोष्ट सांगितली. कुरआनात त्यांच्या नावाची स्वतंत्र सूरह आहे. प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या तेव्हा त्या एकट्या होत्या, खजुराच्या बुंध्याशी आल्या. त्यांना सांगितले गेले, की बुंधा आपल्याकडे हलव, ताजे खजूर पडतील. मावशींचा हात थांबला. "आमच्यात गोठा आहे, मेंढपाळ आहेत. खजुराचं झाड नाही," त्या म्हणाल्या. "एकटीच होती?" मी हो म्हटले. ईसा अलैहिस्सलाम यांच्याबद्दलचा त्यांचा अकीदा वेगळा, आपला वेगळा, हे आम्हा दोघींना पक्के माहीत होते आणि त्यावर बोलायला आम्ही बसलोही नव्हतो. मावशींची सहा बाळंतपणे याच घरात झालेली. त्या थोड्या वेळाने उठल्या, खजुराची आणखी एक मूठ घेतली आणि आपल्या रमच्या परातीत टाकली.

आता कृती. आठ इंची गोल टिनासाठी सगळा सुका मेवा ५०० ग्रॅम, काजू-बदाम-अक्रोड मिळून १०० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अंडी ४, बेकिंग पावडर एक छोटा चमचा. मसाला म्हणून दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची ताजी पूड मिळून दीड छोटा चमचा. रंगासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच कढईत जाळायची. हीच खरी परीक्षा. साखर आधी सोनेरी होते, मग तांबडी, मग कॉफीसारखी. धूर येण्याच्या बेतात गॅस बंद करून अर्धी वाटी गरम पाणी घालायचे, आणि घालताना तोंड बाजूला ठेवायचे, कारण ती उसळते. आधीच थांबलात तर केक नुसता गोड होतो. दोन क्षण उशीर झाला तर कडू होतो. मावशींनी माझ्या हातातून कढई काढून घेतली आणि हे काम स्वतः केले. मी हरकत घेतली नाही. पन्नास वर्षांचा हात होता.

लोणी आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत फेटायची. अंडी एकेक करून घालायची. मग गार झालेला साखरेचा पाक, मग मसाला आणि बेकिंग पावडर घालून चाळलेला मैदा. मेवा निथळून त्यावर यातलाच मूठभर मैदा भुरभुरायचा, नाहीतर सगळा तळाशी बसतो. टिनाला आतून दुहेरी कागद लावायचा. १५० अंशांवर साधारण दोन तास. दीड तासानंतर सुई घालून पाहायला लागायचे. ओव्हन नसेल तर जाड कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरा, त्यावर स्टँड ठेवा आणि मंद आचेवर भाजा. तोही चांगला होतो, फक्त वरून तितका तांबूस दिसत नाही.

माझा टिन आधी आत गेला, मावशींचा नंतर. दोन तास आम्ही ओट्यावर बसलो. भिंतीपलीकडे पूर्वी चुलत्यांची केळीची बाग होती. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि विहिरीचे पाणी मचूळ लागते. फादर दिब्रिटो आणि हरित वसईची माणसे याचसाठी रस्त्यावर उतरली होती. २००९ मध्ये महापालिका झाली तेव्हा आमची गावे वगळा म्हणून पुन्हा आंदोलन झाले. मावशींच्या वाडीलाही गिऱ्हाईक येऊन गेले आहे. एक मुलगा परदेशात. तो विकू या म्हणतो. मावशी 'माझ्यानंतर' म्हणतात, आणि या विषयावर तेवढेच म्हणतात.

त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात ओव्हन नव्हता. मोठ्या पातेल्यात वाळू, झाकणावर निखारे, असा घरगुती केक होई. जास्त करायचे असतील तर टिन डोक्यावर घेऊन पाववाल्याच्या भट्टीवर जायचे. संध्याकाळचे पाव निघाले, की भट्टीत जी धग उरे तिच्यावर केक नेमका भाजला जाई. प्रत्येक टिनाला कापडाची चिंधी बांधलेली, कोणाचा कुठला ते कळावे म्हणून. पाववाले मुसलमान होते, उत्तर प्रदेशातून आलेले. मुंबईच्या आसपासच्या कितीतरी भट्ट्या अशाच लोकांच्या. (मुंबईतल्या लाकडाच्या भट्ट्यांचे दिवस आता भरत आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. धुराचा त्रास खरा आहे, पण लहान बेकरीवाल्याने नव्या भट्टीचे पैसे कुठून आणायचे, हेही कोणी बसून पाहायला हवे.)

"चाचा रात्री उशिरापर्यंत आमचे टिन फिरवत बसायचा," मावशी म्हणाल्या. "एकही जळू दिला नाही. माझी सासू त्याला दरवर्षी केकचा तुकडा द्यायची आणि तो हात जोडायचा. मग ती त्याला केळीचा घड द्यायची. इतकी वर्षं त्यानं आमचा केक भाजला, पण चाखला नाही. सासूला ते मरेपर्यंत खटकलं."

मी नव्या टिनाची चिठ्ठी आठवून गप्प बसले.

काही वाचक विचारतील, की त्यांच्या सणाचा पदार्थ खावा का. मी आलिमा नाही आणि फतवा देणे माझे काम नाही. सूरह मायदामध्ये अहले किताबचे अन्न आपल्यासाठी हलाल सांगितले आहे आणि त्याच सूरहमध्ये शराब मना केली आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येतात. त्यासाठी समोरच्याला आपली अडचण सरळ, हसून आणि वेळेवर सांगावी लागते. वसईत मला हे सोपे गेले ते मैत्रिणीमुळे. सगळ्यांना अशी मैत्रीण मिळत नाही, हेही खरे.

केक निघाला. गार होईपर्यंत कापायचा नसतो, पण माझी गाडी होती. मावशींनी कडेचा एक पातळ काप कापला, आधी वास घेतला, मग बराच वेळ चावला. आम्ही दोघी परीक्षेच्या निकालाला उभ्या असल्यासारख्या. "मसाला थोडा कमी," त्या म्हणाल्या. मग दुसरा काप घेतला. मग म्हणाल्या, "ब्रेड नाही."

परतीच्या गाडीत डब्याचा वास लपला नाही. लोणचे विचारणारी बाई नव्हती, पण कामणला चढलेल्या दोन मुलींनी विचारलेच. त्यांना एकेक तुकडा दिला. घरी अम्मींनी चहात बुडवून खाल्ला. त्यांना दात कमी आहेत आणि सुकेळी त्यांना फार आवडली. रमशिवायचा केक लोणीकागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवला, तर डिसेंबरच्या थंडीत आठवडाभर बाहेर राहतो, फ्रिजमध्ये त्याहून पुष्कळ जास्त. तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो, म्हणून लगेच संपवू नका. मावशींचा रोज फोन येई: "बुरशी आली का?" आठव्या दिवशी मी सांगितले, की बुरशी यायला केक उरलाच नाही.

टिन वसईलाच आहे. धुऊन, पुसून, वेगळ्या कापडात गुंडाळून मावशींनी तो माळ्यावर ठेवला आणि त्याला चिंधी बांधली, असे मैत्रीण सांगत होती.